खाडे

भुसावळला, जामनेर रोडवरच्या आमच्या स्वयंपाकघरात
फ्रिजशेजारी कॅलेंडर टांगलंय.
दुधाचे खाडे निळ्या शाईत,
सुपडाबाईचे लाल.
महिनाअखेर मी दोन्ही एकाच बैठकीत मोजते.

दिवसा मी दीपनगरला, ठेकेदाराच्या ऑफिसात
दोनशे चौदा माणसांचा भविष्य निर्वाह निधी भरते.
कुणाच्या नावातली वेलांटी आधारशी जुळली नाही
तर डबा उघडत नाही मी.
गोकुळ सोनवणे, राखेच्या पाळीवर,
वारस : बायको, टक्के : शंभर.
इतकं चोख.

त्याच वेळी घरी सुपडाबाई
कळण्याची भाकरी दुधात कुस्करून मैथिलीला भरवत असते.
मे महिन्यात बादलीनं कूलर भरते,
झबल्याच्या खिशात कांदा ठेवते.
माझ्या लेकीनं पहिल्यांदा आई म्हटलं
ते तिच्याकडे बघून.
हे तिनं नाही सांगितलं मला,
शेजारच्या झोपेकाकूंनी सांगितलं.

पगार पाकिटातून. घरात आहेराची पाकिटं उरलेली,
त्यांवर रुपया चिकटवलेला.
तो बोनस, असं माझा नवरा म्हणतो.
आम्ही हसतो. तीही हसते.

मार्गशीर्षात मोरीच्या उंबऱ्याशी तिचा पाय सटकला.
मुलगी कडेवर होती. मुलीला ओरखडा नाही,
हिचं मनगट दोन ठिकाणी.
एकवीस लाल खाडे.
मी पेन धरून बराच वेळ उभी होते कॅलेंडरसमोर,
मग निम्मेच कापले.
निम्मेच,
आणि दोन दिवस स्वतःला बरी बाई समजत होते.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात एका फिटरचा
अपघाताचा फॉर्म आला. मनगट. डावं.
मी सगळे रकाने भरले, भरपगारी रजा लावली,
आणि मग पाणी प्यायला उठले ते
बाहेर पायरीवर जाऊन बसले.

म्हटलं, सुपडाबाई, आता रीतसर.
पगार खात्यात, पावती, रविवार सुटी,
आजारी पडलीस तर पैसे कापायचे नाहीत.
ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"कायले व बाई?
बँकीत पैसा आला का पोराच्या मोबाइलात टिंग वाजते.
पाकिटातलं अर्धं मी गव्हाच्या कोठीत ठेवते,
त्याले मालूम नाही.
आन् रेशनवाल्यानं पाह्यलं तं पिवळं कार्ड जाईन."

खरं सांगू? मला हायसं वाटलं.
नको म्हणणारी ती होती.
कागद माझ्याकडे तयार होता की.

हे हायसं वाटणं
रात्रभर गादीखाली काडी राहावी तसं टोचलं.

शेवटी माझा जुना फोन, नवं सिम, नंबर तिचा एकटीचा.
पोस्टात तिनं उजव्या हातानं सही केली,
सु, मग प, मग बराच वेळ डा.
खिडकीतल्या माणसानं विचारलं, व्यवसाय?
"घरीच असते," ती म्हणाली.
"नोकरी," मी म्हटलं.
"कुणाकडे?"
मागे रांग होती, ऊन होतं,
चार वर्षांत हे मोठ्यानं कधी म्हणावं लागलं नव्हतं.
"माझ्याकडे."

पिवळ्या कार्डाचं काय होईल, मला ठाऊक नाही.
दोनशे चौदांचं ठाऊक असतं, हे नाही.

येताना रिक्षात तिनं पासबुक
पदराच्या टोकात बांधलं, सोडलं, परत बांधलं.
म्हणाली, "आन् मांगचं?"
मी म्हटलं, काय मागचं?
"काही नाही, असंच."

जुनी कॅलेंडरं मी फडताळात अंथरली आहेत, डब्यांखाली.
रात्री हळदीचा डबा उचलला, मग तेलाचा.
डागाखालून शाई दिसत होती.
मार्गशीर्षातले एकवीस मोजले.
पुन्हा मोजले.
दुधाचे त्या महिन्यात तीन.